लांबच्या प्रवासासाठी शाफ्टची गाडी की चेनची? मराठवाड्यात राहून निवड करताना

लातूर, परभणी किंवा नांदेडला राहून लांबच्या प्रवासासाठी मोठी मोटारसायकल घेऊ पाहणाऱ्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात: एक नवी कोरी चेनची गाडी, आणि दुसरी जवळपास तेवढ्याच पैशांत मिळणारी, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेली शाफ्टची, म्हणजे चेनऐवजी बंद नळीतल्या फिरत्या दांड्याने मागचे चाक फिरवणारी गाडी. नवी शाफ्टची गाडी आपल्याकडे साधारण पंधरा लाखांच्या पुढेच सुरू होते, त्यामुळे बहुतेकांचा प्रश्न वापरलेल्या गाडीपाशी येऊन थांबतो. अशा वेळी विकणारा हमखास सांगतो की शाफ्टला काही करावेच लागत नाही. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या काही वर्षे वापरल्या आहेत आणि हे वाक्य घेणाऱ्याला सर्वांत महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे. चेनची झीज डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. शाफ्टची झीज नळीच्या आत होत असते आणि ती मुद्दाम शोधावी लागते. म्हणून निवड करण्याआधी, कोणती देखभाल आपल्या गावात, आपल्या हातून, वेळेवर होणार आहे याचा विचार करावा.

चेनचे गणित सोपे आहे. दर पाचशे ते हजार किलोमीटरला तेल, त्याच सुमारास ढील तपासणे, आणि वीस ते तीस हजार किलोमीटरच्या दरम्यान दोन्ही स्प्रॉकेटसह (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चाकांसह) पूर्ण संच बदलणे. चेन लांबते ती लोखंड ताणले गेल्यामुळे लांबत नाही. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश थोडे थोडे झिजतात आणि त्या झिजेची बेरीज होते. मोठ्या गाड्यांच्या ५२०, ५२५ आणि ५३० या चेनमध्ये वीस कड्यांचे अंतर नवी असताना ३१७.५ मिलिमीटर भरते. ते तीनेक मिलिमीटरने वाढले म्हणजे एक टक्का झीज झाली आणि संच बदलण्याची वेळ जवळ आली, हे साध्या मोजपट्टीने घरी कळते. आपल्याकडची खरी अडचण मातीची आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ तेलकट चेनवर बसते आणि घासणारा लेप तयार करते; पावसाळ्यात तीच माती चिकण होऊन स्प्रॉकेटच्या दातांत गच्च बसते; आणि साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणून टाकतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगी नसल्यामुळे हे रस्ते टाळताही येत नाहीत. अशा वापरात चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने वारंवार धुवावी लागते. पेट्रोल मात्र वापरू नये, कारण कड्यांमधील रबरी रिंगा त्याने खराब होतात आणि आतले ग्रीस निघून जाते.

शाफ्टची रचना ट्रॅक्टर किंवा जीपच्या मिस्त्रीला नवी नाही. गिअरबॉक्समधून फिरणारा दांडा, त्याच्या टोकांना क्रॉस, म्हणजे कोनात वळणारे सांधे, मागे क्राउन-पिनियन, म्हणजे ते फिरणे चाकाकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी, आणि त्यावर चाक. बीएमडब्ल्यूच्या १९२३ सालच्या पहिल्या मोटारसायकलीपासून, म्हणजे आर ३२ पासून, ही पद्धत चालत आली आहे. तेलात बुडालेले क्राउन-पिनियन वेळच्या वेळी तेल बदलले तर अतिशय दीर्घकाळ टिकते, आणि धुळीचा त्याला त्रास नाही. दुखणी त्याच्या आजूबाजूला असतात: क्रॉसमधील सुईसारखी बारीक बेअरिंगे, दांडा जिथे सरकता बसतो तिथले स्प्लाइन (लांबट दातेरी खाचा), मागच्या चाकाचे मोठे बेअरिंग, ऑइल सील, आणि या सगळ्याला पाण्यापासून झाकणारे रबरी बूट. जुलैत ओढा ओलांडताना किंवा धुलाई केंद्रावर जोराच्या फवाऱ्याखाली बुटाच्या बारीकशा चिरेतून पाणी आत गेले की ते सहजासहजी बाहेर पडत नाही. बेअरिंगला गंज धरतो, क्रॉस जड फिरू लागतो, आणि चालवणाऱ्याला कित्येक महिने काहीही जाणवत नाही. माझ्या गाडीचा फाटलेला बूट मला दिसला तो मागचा टायर बदलताना, आणि तोवर एक पावसाळा उलटून गेला होता.

कंपन्यांनीही ही झीज मान्य केली आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये आर १२०० जीएस आणि आर १२५० जीएस या गाड्यांचा शाफ्ट ६०,००० किलोमीटरला खबरदारी म्हणून बदलण्याचे धोरण जाहीर केले. पन्नास हजार चाललेली अशी गाडी घेणाऱ्याने हा आकडा आधी विचारात घ्यावा.

जोडणीतील एक बारकावा इथे सांगायलाच हवा. कोनात फिरणारा एकटा क्रॉस दांड्याला एकसारख्या वेगाने फिरवत नाही. प्रत्येक फेरीत वेग किंचित कमी-जास्त होतो. दांड्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतील आणि ते योग्य दिशेत जुळवलेले असतील, तर एकाचा चढउतार दुसरा भरून काढतो. शाफ्ट काढून परत बसवताना खुणा जुळल्या नाहीत, स्प्लाइनचे काही दात जरी पुढेमागे झाले, तर कंप सुरू होतो आणि नवे क्रॉसही लवकर झिजतात. त्यामुळे जीपचे क्रॉस डोळे झाकून बदलणारा मिस्त्री कितीही कसलेला असला, तरी खुणा करून घेतल्याशिवाय त्याला दांडा काढू देऊ नये.

आता अंतराचा प्रश्न. चेन-स्प्रॉकेटचा संच कुरिअरने मागवता येतो आणि चेन रिव्हेट करून जोडण्याचे साधन असलेला कारागीर जिल्ह्याच्या गावी मिळतो. शाफ्टच्या सुट्या भागांसाठी आणि बेअरिंगच्या बारीक मापांसाठी मात्र बहुतेकदा पुणे-मुंबई गाठावी लागते. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला पुणे अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. नांदेडच्या माणसाला साडेचारशेच्या घरात. गाडी बंद पडून टेम्पोत घालावी लागली, तर हा फरक थेट खिशाला जाणवतो. मागचे गिअर तेल मात्र कोणीही घरी बदलू शकतो. बहुतेक गाड्यांत ते पाव लिटरही लागत नाही. फक्त ट्रॅक्टरसाठी आणलेले घट्ट तेल त्यात ओतू नये, पुस्तिकेतील श्रेणीचेच वापरावे.

ज्याचे वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर होतात, सोबत माणूस आणि सामान असते, माहूर, तुळजापूर, हैदराबाद असा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्याने होतो आणि वर्षातून एकदा गाडी पुण्याला नेणे जमते, त्याने शाफ्टची गाडी घ्यावी. दिवसभर चालवून मुक्कामी पोहोचल्यावर चेनपाशी बसावे लागत नाही, हे सुख खरोखर मोठे आहे. ज्याचे वर्षाला पाच हजारच होतात, त्याचा चेनचा एक संच चार-पाच वर्षे पुरतो. शाफ्टने वाचणारा खर्च त्याच्या वाट्याला येतच नाही, उलट रबर आणि तेल गाडी उभी असतानाही जुने होत राहते. तीच गाडी शेतरस्त्यावरही न्यायची असेल, तर चिखलात शाफ्ट सरस ठरतो हे खरे, पण वजनाला तो भारी असतो आणि दगडाने बूट फाटण्याची भीती राहते. अशा वापरासाठी मी चेनच सुचवेन.

वापरलेली शाफ्टची गाडी पाहायला गेल्यावर ती मधल्या स्टँडवर उभी करावी, मागचे चाक वर आणि खाली धरून आडवे हलवावे. हाताला खडखड जाणवली तर बेअरिंगची शंका घ्यावी. गिअरमध्ये ठेवून चाक पुढे-मागे फिरवताना थोडी मोकळीक असतेच, पण लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज येऊ नये. बूट बोटांनी दाबून चिरा पाहाव्यात, आणि सर्व्हिसचे कागद नसतील तर नव्या शाफ्टची किंमत वजा करूनच बोलणी करावी. इसार देण्याआधी मालकाच्या परवानगीने मागचे गिअर तेल एका काचेच्या ग्लासात काढून उजेडात धरावे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे. तेल दुधाळ दिसले किंवा चुंबकावर बोटाला टोचणारे तुकडे लागले, तर बोल्ट परत घट्ट करून तिथून निघावे.