डेअरीसाठी हाय टेंपरेचर हीट पंप: घ्यावा का?

आमच्या डेअरीत ८५ डिग्रीचं पाणी देणारा हीट पंप (विजेवर चालून कमी तापमानाची उष्णता जास्त तापमानाला नेणारं यंत्र) बसवलाय, उन्हाळा-पावसाळा दोन्ही बघून झाले म्हणून आता लिहितोय. आधी एक सांगतो, डेअरीत दूध थंड करणारा अमोनिया प्लांट दुधातली उष्णता काढून कंडेन्सरवरून (उष्णता बाहेर टाकणारा भाग) हवेत सोडतो आणि भिंतीपलीकडे बॉयलर तेल जाळून परत उष्णता तयार करतो, वर्षानुवर्षं असंच चाललंय आणि कुणाला खटकत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. हा पंप कंडेन्सरची ती ३५-४० डिग्रीची उष्णता उचलून वरच्या तापमानाला नेतो. पाश्चरायझरला दूध ७२ डिग्रीला १५ सेकंद धरायचं असतं, त्याला ८० च्या आसपासचं पाणी पुरतं, वाफ लागतच नाही, आम्ही इतकी वर्षं वाफ करून तिनेच पाणी तापवत होतो! सीआयपीचं, म्हणजे मशिनरी न उघडता आतून धुण्याचं, कॉस्टिक सोड्याचं पाणीही यावरच गरम होतं. मीटर लावून बघितलंय, १ युनिट विजेला ३ च्या वर युनिट उष्णता मिळते.

तक्रार एकच, सप्लायरने कोटेशनमध्ये जो सीओपी (१ युनिट विजेला किती युनिट उष्णता) दाखवला तो ६० डिग्रीच्या पाण्याचा होता, ८५ ला तो बराच उतरतो. उष्णता जितकी जास्त वर उचलायची तितकी वीज जास्त, त्यामुळे तुमच्या तापमानाचाच आकडा लेखी मागा. आणि गरम पाण्याची मोठी टाकी घ्याच, सकाळ-संध्याकाळ दूध आलं की लोड एकदम चढतो, टाकी नसेल तर पंप सारखा चालू-बंद होऊन कॉम्प्रेसरची वाट लागते. दिवसा वीज स्वस्त असते तेव्हा टाकी भरून ठेवता येते हा वेगळाच फायदा.

पावडर प्लांटच्या ड्रायरला १८० डिग्रीच्या वरची हवा लागते, तिथे याचं काम नाही, बॉयलर ठेवावाच लागेल. बगॅस ब्रिकेटवर (उसाच्या चिपाडाच्या स्वस्त विटांवर) बॉयलर चालत असेल तर पैसे वसूल व्हायला खूप वेळ लागेल, डिझेल, फर्नेस ऑइल किंवा एलपीजीवाल्यांनी मात्र नक्की विचार करा.

हे मोठ्या प्रमाणावर चालत नाही म्हणणाऱ्यांनी डेन्मार्कातलं एस्बियर्ग बघावं, तिथे कोळशाचं वीज-उष्णता केंद्र बंद होणार होतं म्हणून समुद्राच्या पाण्यातून उष्णता घेणारे ७० मेगावॅटचे पंप बसवलेत, आत उष्णता वाहून नेणारा वायू (रेफ्रिजरंट) म्हणून कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावर शहरातली घरं गरम होतात. आपल्याकडे तर उष्णता शोधायला समुद्रावरही जावं लागत नाही, ती कंडेन्सरवर आयती आहे.

ऑर्डर देण्याआधी कंडेन्सरचं तापमान थंडीत आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा लिहून ठेवा, पंपाचा साइज त्यावरच ठरतो.