रेटिकल आयपीस : सात महिन्यांनंतर, दिव्याशिवाय

रेटिकल आयपीस म्हणजे दुर्बिणीला डोळ्यापाशी लावायचं, आत बारीक मोजपट्टी कोरलेलं भिंग. चौथ्या महिन्यातच त्याचा पट्टी उजळणारा लाल दिवा गेला. उघडून बघितलं तर बटण-सेलच्या खाचेतली स्प्रिंग हिरवीगार. गुहागरात आमचं घर समुद्राला लागून, इथलं खारं वारं गेटच्या बिजागऱ्याही सोडत नाही. विक्रेत्याचं फोनवर एकच पालुपद, "दमटपणाने झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही." मग किनाऱ्यावरच्या पत्त्यावर माल पाठवताना हे का नाही सांगितलं? तीन फोन झाले, दोन मेल झाले. शेवटी मीच स्प्रिंग पॉलिश पेपरने घासायला घेतली आणि ती तुटून हातात आली. साडेनऊ हजार मोजलेत मी या वस्तूला!

दिव्यासाठी एवढा जीव का टाकला, तर मी चंद्रावरच्या डोंगरांच्या सावल्या मोजतो. सहा इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), 1200 मिमी फोकल लेंथ, प्रतिमा दुप्पट करणारं बार्लो भिंग. दिवा नसला की पट्टीच्या रेघा काळ्या आणि सावलीही काळी, त्यामुळे सावलीवर गेलेली रेघ दिसतच नाही.

फेब्रुवारीत लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. मत फिरलं ते फाल्गुन शुद्ध अष्टमीला. चंद्र माडांच्या वर, खळ्यात दव पडायला लागलेलं. चंद्रावरच्या मारे इम्ब्रियम या मैदानाच्या सपाटीवर पिटन हा डोंगर एकटाच उभा, सावली सुईसारखी. पट्टी सावलीवर न ठेवता शेजारच्या उजळ मैदानावर आडवी धरली आणि सगळ्या रेघा लख्ख दिसल्या! सावली भरली अडीच भाग.

एक भाग केवढा, हे आधीच काढून ठेवलं होतं. दुर्बीण न हलवता बघितलं तर मृगाच्या बाणातला विषुववृत्ताजवळचा तारा पट्टीचे 60 भाग साधारण साडेचौतीस सेकंदांत ओलांडतो; असा तारा सेकंदाला सुमारे 15 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकतो, म्हणजे भागाला 8.6 विकला. चंद्राच्या सरासरी अंतरावर एक विकला म्हणजे 1.86 किमी, तेव्हा सावली 40 किमी. पिटनपाशी सूर्य 4 अंश वर होता, त्यावरून उंची आली 2.8 किमी. पुस्तकी आकडा सव्वादोनच्या आसपास. दोन दिवस मी बार्लोला दोष देत होतो. मग संध्याकाळी किनाऱ्यावर, दूर जाणाऱ्या होडीचं अंग आधी आणि डोलकाठी शेवटी बुडताना बघितली तेव्हा लक्षात आलं, चंद्राची जमीनही वाकते की! 1737 किमी त्रिज्येवर 40 किमीत ती सुमारे 460 मीटर खाली जाते. ते वजा केल्यावर 2.3 किमी. खळ्यातून, सहा इंचांच्या आरशातून! त्या रात्री मला झोप लागली नाही.

पट्टी जाड आहे, हे मात्र खरं. पाव भाग चुकला की उंचीत जवळपास दोनशे मीटर इकडचे तिकडे होतात. बार्लो नसेल तर घेऊच नका. आणि बिनदिव्याचा स्वस्तात मिळत असेल तर तोच घ्या. गॅलिलिओने तर 1609 साली पट्टीही नसताना, अंधाऱ्या भागात चमकणाऱ्या शिखरांच्या उजेड-अंधाराच्या सीमेपासूनच्या अंतरावरून उंची काढली होती.

आता आयपीस सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवलाय. पावसाळा संपला की चंद्रावरचाच पिको हा डोंगर मोजायचा आहे.