टँकच्या तळाशी काय घालावं: खडी, वाळू की ॲक्वासॉइल?

माशांचा नवा टँक लावताना फिल्टरवर चार दिवस विचार होतो आणि तळाचा थर मात्र रंग बघून दहा मिनिटांत उचलला जातो. खरं तर व्हायला हवं उलटं. फिल्टर कधीही बदलता येतो. सबस्ट्रेट, म्हणजे हा तळाचा थर, बदलायचा म्हणजे झाडं उपटा, गढूळ पाणी उपसा आणि मांडणी पुन्हा पहिल्यापासून करा. म्हणून खरेदीआधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: तळाशी वावरणारे मासे कोणते ठेवणार, आणि मुळांतून पोषण घेणारी झाडं लावणार का.

पहिल्या प्रश्नावरच खडी आणि वाळू यांच्यातला निम्मा वाद मिटतो. कोरीडोरस हा तळाशी वावरणारा छोटा मासा जवळून बघा. तो थेट डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसतो, घासभर वाळू आत घेतो, त्यातलं खाणं वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून धुरासारखी मागे सोडतो. खडीवर त्याला हे करताच येत नाही. वर धारदार दाणे आणि फटींत साठलेली घाण असेल तर त्याच्या मिशा झिजतात, कधी सडतात. कुहली लोच वाळूत स्वतःला गाडून घेतात, जिओफॅगस दिवसभर वाळू चाळत बसतो. यांच्यासाठी वाळूच. गोल्डफिशचं वेगळंच दुखणं: तो तळाचे खडे तोंडात घेऊन चघळतो आणि मधल्या आकाराचा एखादा खडा घशाशी अडकून बसतो. त्याला एकतर वाळू द्यावी, नाहीतर तोंडात मावणारच नाहीत असे मोठे गोटे. गप्पी, टेट्रा, एंजल यांना खाली काय आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं.

साफसफाईत खडी आणि वाळू दोघींची तऱ्हा वेगळी. साधी खडी, म्हणजे २ ते ५ मिमीची ग्रॅव्हल, सायफन करायला सोपी. नळीचं रुंद तोंड आत खुपसलं की दाणे नळीत गरगरतात, हलकी घाण पाण्याबरोबर निघून जाते आणि जड दाणे परत खाली बसतात. पण हे नियमित करावंच लागतं. उरलेलं खाणं आणि विष्ठा फटींत शिरून तिथेच कुजते. वरून टँक चकाचक दिसतो आणि कुजलेल्या घाणीतून बनणारं नायट्रेट पाण्यात चढत राहतं. वाळूत घाण आत शिरत नाही, वरच पडून राहते. डोळ्यांना खुपते, पण नळी पृष्ठभागाच्या किंचित वर धरून फिरवली की उचलली जाते. मला हा वाळूचा मोठा गुण वाटतो, कारण जे दिसतं तेच आपण साफ करतो.

वाळूबद्दल एक भीती मात्र गरजेपेक्षा जास्त पसरली आहे. थर दबतो, आत ऑक्सिजन पोचत नाही, काळे डाग पडतात आणि हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, हे सगळं खरं. पण ते मुख्यतः जाड थरात किंवा फार बारीक वाळूत होतं. झाडं नसतील तर २-३ सेंटिमीटरचा थर पुरतो आणि तेवढ्यात सहसा काही होत नाही. झाडांची मुळं आणि मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई वाळू मोकळी ठेवतात. थर जाडच हवा असेल तर अधूनमधून काडीने थोडा थोडा भाग हलवावा, एकदम सगळा नाही. दाणा अर्धा ते एक मिमीचा घ्यावा. स्विमिंग पूलच्या फिल्टरची वाळू साधारण याच मापाची असते. टँकच्या आतला फिल्टर तळापासून थोडा वर लावायचा, नाहीतर वाळू ओढली जाऊन इम्पेलर, म्हणजे त्याचा फिरता पंखा, झिजतो. अंडरग्रॅव्हल फिल्टर, म्हणजे खडीखाली प्लेट बसवायचा फिल्टर, असेल तर वाळू बाद. ती प्लेटच्या खाचांत जाऊन बसते.

ॲक्वासॉइलची जातच निराळी. स्वच्छ क्वार्ट्झची वाळू किंवा खडी पाण्याला काही देत नाही आणि त्यातून काही घेतही नाही. सॉइल म्हणजे मातीचे भाजलेले दाणे. ते पाण्यातला कार्बोनेट हार्डनेस (पीएच खाली येऊ न देणारे क्षार) शोषतात, पीएच ७ च्या खाली आणतात आणि अमोनियम, पोटॅशियम, लोह धरून ठेवून मुळांना पुरवतात. मोंटे कार्लो किंवा ड्वार्फ हेअरग्रासची दाट हिरवळ हवी असेल, किंवा क्रिस्टल श्रिंप ही छोटी कोळंबी पाळायची असेल, तर सॉइलइतकं सोपं दुसरं काही नाही. चेरी श्रिंपना तिची गरज नाही.

या सुखाची किंमत मात्र नीट समजून घ्यावी. बऱ्याच सॉइल सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडतात. तेवढे दिवस वरचेवर पाणी बदलायचं आणि टेस्ट किटवर अमोनिया व नायट्राइट ही माशांना घातक असलेली दोन्ही शून्य दिसेपर्यंत एकही मासा सोडायचा नाही. ज्याला टँक लावल्याच्या तिसऱ्या दिवशी मासे बघायचे आहेत त्याने हे प्रकरण अंगावर घेऊ नये. पुढे वर्ष-दोन वर्षांत पोषण संपत जातं, दाणे मऊ पडतात आणि एखादं झाड उपटलं की पाणी गढूळ होतं. नळाला जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी येत असेल तर प्रत्येक वेळी पाणी बदलताना सॉइलची हार्डनेस शोषण्याची ताकद खर्ची पडते. अशा घरात आरओच्या पाण्याची सोय नसताना केवळ पीएच उतरवायला सॉइल घेणं म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात. गप्पी आणि मॉली यांना तर जडच पाणी मानवतं.

झाडं म्हटलं की सॉइल हवीच, असंही नाही. अनुबियास, जावा फर्न, बुसेफलांड्रा ही झाडं लाकडाला किंवा दगडाला बांधायची असतात. त्यांचं जाड आडवं खोड पुरलं तर सडतं. व्हॅलिसनेरिया, क्रिप्टोकोरीन, ॲमेझॉन स्वोर्ड यांना मुळांशी खाणं लागतं, पण ५ ते ७ सेंटिमीटर वाळू किंवा बारीक खडी आणि दर दोन-तीन महिन्यांनी रूट टॅब (मुळांशी पुरायची खताची गोळी) एवढ्यावर ती छान वाढतात. टॅब चिमट्याने पार तळापर्यंत खुपसावी. वर राहिली तर खत पाण्यात उतरतं आणि शेवाळाचं फावतं. पहिल्यांदाच टँक लावणाऱ्याला मी डोळे झाकून हीच जोडी सुचवेन.

खाली दोन-अडीच सेंटिमीटर साधी बिनखताची माती आणि वर तेवढाच वाळूचा थर, अशीही एक पद्धत आहे. झाडं जोमाने येतात, पण नंतर मांडणी बदलायला गेलात की माती वर येते. हात सतत टँकमध्ये असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

क्रश्ड कोरल, म्हणजे पोवळ्याचा चुरा, फक्त आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतल्या सिक्लिड माशांसाठी. तिथलं पाणी अल्कधर्मी, टांगानिकाचा पीएच तर ९ च्या आसपास. कोरल विरघळून पीएच आणि हार्डनेस वर ठेवतं. हीच गोष्ट नकळत घडू नये म्हणून कुठलीही अनोळखी खडी-वाळू आधी तपासावी: सुक्या दाण्यांवर व्हिनेगरचे थेंब टाका, बुडबुडे आले तर त्यात चुना आहे. उघडा तळ क्वारंटाइनला आणि पिल्लं वाढवायला उत्तम, दिवाणखान्यात कंटाळवाणा. रंगाचं म्हणाल तर गडद तळावर मासे खुलतात आणि पांढऱ्याशुभ्र तळावर फिके पडतात. निळ्या-गुलाबी रंगवलेल्या खडीचे पापुद्रे निघू शकतात. मी ती घेणार नाही.

किती घ्यायचं याचं गणित सोपं आहे. ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तळावर ५ सेंटिमीटरचा थर म्हणजे ९,००० घन सेंटिमीटर, अर्थात ९ लिटर. वाळू-खडी लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे तेरा-चौदा किलो. सॉइल बहुधा लिटरच्या मापानेच मिळते. वाळू बादलीत ढवळून पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. सॉइल अजिबात धुवायची नाही, दाणे फुटून चिखल होतो. भरताना तळावर ताटली ठेवून तिच्यावर पाणी हळूहळू सोडावं.

घरात आधीच खडीचा टँक असेल आणि आता कोरीडोरस आणायचे असतील, तर खडीवर वाळू ओतू नका. थोड्याच दिवसांत वाळू खाली जाते आणि खडी वर येते. पाणी बदलायच्या दिवशी एक-तृतीयांश खडी काढा, तिथे धुतलेली वाळू घाला आणि पुढचा भाग आठवड्याने घ्या. तेवढ्या काळात फिल्टरचा स्पंज धुऊ नका, कारण खडीबरोबर माशांची घाण पचवणारे काही उपयोगी जिवाणूही बाहेर गेलेले असतात.