एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर: नाव नोंदवण्याआधी हे बघा

कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त आपलं युनिट विशेष शिबिरात नेमकं काय काम करतं, ते आधी विचारून घ्या. 1969 साली सुरू झालेल्या या योजनेत वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं. नियमित तासांतले बरेचसे रॅली आणि दिनविशेषांत जातात. खरा कस शिबिरात लागतो.

गडबड होते ती तारखांची. शिबिरं बहुधा सत्र परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत लागतात आणि श्रमदानाला वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या गोण्या रचून ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध, ठरतो. बंधाऱ्याचा हंगाम पाऊस ओसरताना, ओढा वाहता असतानाचा. ओढा आटल्यावर गोण्या रचून अडवायचं काय? मुलांची मेहनत वाया जाते, याचं फार वाईट वाटतं.

वेळ साधली तरी रचाई नीट हवी. पात्रातली सैल वाळू-गोटे काढून घट्ट थरापर्यंत जायचं, नाहीतर पाणी बुडाखालून निघून जातं. सिमेंटची रिकामी गोणी पाऊणच भरायची. गच्च भरलेली गोणी गोल राहते आणि फटी पडतात. तोंड सुतळीने शिवायचं. वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर यायला हवी. दोन रांगांच्या मधे चिकणमाती तुडवून भरायची. घाईत नेमकं हेच राहतं आणि बंधारा गळतो. उन्हाने गोण्या विरतात, त्यामुळे एका हंगामापलीकडे त्याचा भरवसा धरू नये.

शिबिर उशिराच असेल तर शोषखड्डे, म्हणजे घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, घ्यावेत. मीटरभर लांब, रुंद, खोल. तळाला मोठे दगड, वर लहान, मग खडी. विहीर किंवा हातपंपापासून 15 मीटर तरी दूर. खड्ड्याआधी गाळ अडवणारी छोटी कुंडी हवीच, नाहीतर साबणाचा मळ आणि खरकटं साचून खड्डा तुंबतो. कुंडी कशी उपसायची, हे ज्यांच्या घराचा खड्डा आहे त्यांना दाखवूनच निघावं.

‘कमवा आणि शिका’ या, शिकता शिकता कॉलेजातच काम करून कमावण्याच्या योजनेतल्या मुलांची मात्र ओढाताण होते. मानधन तासांवर असतं, म्हणजे शिबिराला गेलं की आठवड्याची कमाई बुडाली. त्यांचे तास आधी किंवा नंतर भरून घ्यायची सोय कार्यक्रम अधिकाऱ्यांनी शिबिराची तारीख ठरवतानाच करून ठेवावी.