ब्राँझचे 1,85,000 मोजले, पदरात पडलं फायबर

अण्णांचा अर्धपुतळा सोसायटीच्या आवारात बसवायचा होता. एकूण 1,85,000 रुपये. ताईचे 40,000, धाकट्याचे 60,000, उरलेले माझे. ताईला अजून सांगायची हिंमत झालेली नाही.

कारागीर कळव्याचा. मातीकाम उत्तमच होतं, अण्णांच्या भुवईवरचा व्रणसुद्धा सोडला नव्हता. तिथेच मी विरघळलो. ओतकामाचा तुकडा हातात देऊन म्हणाला, "कुठेही टेस्ट करा." रबाळ्याला 1,500 भरून केली. तांबं 85 टक्के, कथील, जस्त, शिसं पाच-पाच. अस्सल गनमेटल, म्हणजे ब्राँझचाच एक प्रकार, पुतळ्यांना चालणारा. म्हणजे मी काही डोळे मिटून पैसे दिले नाहीत! पण तुकडा त्याने दिलेला. नमुना तयार पुतळ्यातूनच घ्या, खालच्या कडेला ड्रिल मारून निघालेला कीस तपासा.

आणि तो टेम्पो! दोन पोरांनी पुतळा उतरवला, त्यातल्या एकाच्या दुसऱ्या हातात मोबाईल. ठरलेलं वजन 40 किलो. ते बघूनही मी काय म्हणालो? "सांभाळून रे." नातेवाईक जमलेले, हार आलेला, तेव्हा काटा मागवायची लाज वाटली. नंतर वजन केलं, 11 किलो.

घासून पाहिलं होतं, चमकलंही. चमकणारच, रेझिनमध्ये ब्राँझची पूड कालवलेली. लोहचुंबकही काही सांगत नाही, तो दोन्हींना चिकटत नाही. टिचकी मारा. धातू घुमतो, हे नुसतं ठक्क वाजतं.

दुसऱ्या पावसाळ्यात कानाच्या पाळीचा टवका उडाला, आत काचेचे पांढरे धागे.

चौकीत तीन फेऱ्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा हवालदाराने पावती वाचली, "काका, 'ब्राँझ फिनिश' लिहिलंय. धातू कुठे लिहिलाय?" आणि हसला. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. 75,000 ॲडव्हान्स घेताना त्याने लिहिलेला तो शब्द मी वाचला होता हो, फिनिश म्हणजे घासकाम-पॉलिश समजलो! ग्राहक आयोगात जायचं तर पक्कं बिल कुठाय? जीएसटी वाचेल म्हणाला, मी वाचवला. चोर तो, आणि चौकीत मान खाली घालून मी बसायचं! त्याचा फोन बंद, गाळ्यात आता दुसराच कोणी ग्रिल बनवतो.

कान सध्या एम-सीलने चिकटवलाय.