एफटीपी, एफटीपीएस की एसएफटीपी?

पोर्ट नंबर (सर्व्हरवरची एकेक सेवा ज्या दारातून चालते त्याचा आकडा) नुसते पाठ केले की आठवड्याभरात डोक्यातून जातात. त्यापेक्षा फाईल पाठवणारे हे तीन प्रोटोकॉल (मशीनांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम) घरच्या लॅबमध्ये एकामागून एक चालवून बघा.

एफटीपी सगळ्यांत जुना. पोर्ट २१ वर कमांड, अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये (डेटाचं कनेक्शन सर्व्हर उघडतो तेव्हा) २० वरून डेटा. वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून लॉगिन करा आणि ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ उघडा. ‘यूझर’च्या ओळीत नाव, ‘पास’च्या ओळीत पासवर्ड, जसाच्या तसा. आपलाच पासवर्ड असा उघडा पडलेला बघून पोटात गोळा येतो, आणि २१ हा आकडा कायमचा लक्षात राहतो. खऱ्या कामाला एफटीपी नकोच.

एफटीपीएस म्हणजे तोच एफटीपी, टीएलएसच्या, म्हणजे मधल्या कुणाला मजकूर वाचता येऊ नये म्हणून केलेल्या एन्क्रिप्शनच्या आवरणात. सुरुवातीपासूनच टीएलएस असेल तर पोर्ट ९९०. २१ वर जोडून मग टीएलएस मागितलं तर तो एक्स्प्लिसिट प्रकार. पासवर्ड झाकला जातो, पण फायरवॉलचं (नको ती कनेक्शन अडवणाऱ्या पहारेकऱ्याचं) दुखणं मागे लागतं. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे डेटाचं कनेक्शनही आपल्या बाजूने उघडतो तेव्हा, सर्व्हर डेटाचा पोर्ट दोन आकड्यांत कळवतो. समजा १९५ आणि ८० आले; १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे पोर्ट ५००००. साध्या एफटीपीत फायरवॉल हे उत्तर वाचून तेवढाच पोर्ट उघडू शकते. एफटीपीएसमध्ये ते उत्तरच एन्क्रिप्टेड, म्हणून पोर्टांची अख्खी रेंज मोकळी ठेवावी लागते. लॉगिन होतंय पण फाईलींची यादी येत नाही, अशी तक्रार आली की आधी इथे बघा.

एसएफटीपीचं नाव जवळचं, कूळ वेगळं. तो एसएसएचवर, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या प्रोटोकॉलवर, चालतो. फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यावर १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, आणि एफटीपीचा २१ व टेलनेटचा (दूरच्या लॉगिनचा जुना, एन्क्रिप्शन नसलेला प्रोटोकॉल) २३ यांच्यामधला रिकामा २२ मागून घेतला. कमांड आणि डेटा एकाच कनेक्शनमधून जातात, त्यामुळे फायरवॉलमध्ये एकच पोर्ट उघडला की भागतं.

म्हणून नवीन काही उभं करत असाल तर डोळे झाकून एसएफटीपी घ्या. समोरच्या पार्टीकडे फक्त एफटीपीएसच चालत असेल, तरच तिकडे वळा. मात्र २२ इंटरनेटवर उघडा असेल तर पासवर्ड लॉगिन बंद करून एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, वापरा. आणि पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) समोर येतो, तेव्हा घाईघाईत ‘येस’ टाइप करू नका. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावा आणि एकेक अक्षर ताडून बघा.