मेट्रोतली कला: उद्घाटन झाल्यावर काय उरतं?

वाहतूक कंपनी आणि कलासंस्था एकत्र आल्या की पहिल्या दिवशी फोटो छानच येतात. या भागीदारीचा खरा कस लागतो तो पाचव्या वर्षी. फलाटावरची कलाकृती पुसायची कोणी, आणि तिच्यामागची केबल बदलायची वेळ आली तर ती उतरवायची कोणी? करारात ही दोन उत्तरं नसतील तर बाकीची पानं वाचण्यात फारसा अर्थ नाही. डब्यातली कविता, भिंतीवरची कलाकृती आणि स्थानकातलं संगीत हे तीन प्रकार इथे त्याच तराजूत तोलले आहेत.

कविता सगळ्यात स्वस्त आणि आमच्या मते सगळ्यात हुशार. लंडनमध्ये ज्युडिथ चेर्नाइक यांच्या पुढाकाराने जानेवारी 1986 मध्ये 'पोएम्स ऑन द अंडरग्राउंड' सुरू झालं (अंडरग्राउंड म्हणजे तिथली मेट्रो). न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून पोएट्री सोसायटी ऑफ अमेरिकेच्या साथीने 'पोएट्री इन मोशन' आलं. युक्ती साधी आहे. कविता जाहिरातीच्याच पट्टीत लावायची. नवी फ्रेम नको, अग्निसुरक्षेची नवी मंजुरी नको, जाहिराती बदलणारा माणूसच कविताही बदलतो. बिघडतं ते निवडीत. हँडल धरून उभा असलेला प्रवासी दोन स्थानकांच्या मध्ये दहा-बारा ओळी वाचतो. त्याहून लांब कविता बसवायला अक्षर बारीक केलं की ती फक्त खाली बसलेल्याच्या डोक्यावरची नक्षी होते. जागेचा आकडाही करारात पक्का हवा. 'जाहिरातीतून उरलेली जागा' असं लिहिलं असेल, तर सणासुदीत, म्हणजे गर्दी सर्वात जास्त असते तेव्हाच, कविता गायब होते. हक्कांच्या परवानगीत छापील पट्टीबरोबर डिजिटल पडदाही आधीच घालून घ्यावा. अनुवाद असेल तर मूळ कवी आणि अनुवादक, दोघांचीही परवानगी लागते.

भिंतीवरच्या कामाला मात्र जमिनीखालचे कायदे आधी, सौंदर्य नंतर. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात 18 नोव्हेंबर 1987 रोजी लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली आणि 31 जण दगावले. जमिनीखाली काय जळतं आणि किती धूर सोडतं, याचा हिशेब त्यानंतर फार कडक झाला. म्हणून कॅनव्हास, लाकूड, फोम यांचे प्रस्ताव पहिल्याच बैठकीत पडतात आणि मोझॅक, सिरॅमिक, काच, ब्राँझ, एनॅमल टिकतात. मार्क वॉलिंजर यांचं 'लॅबिरिंथ' (2013) याचा उत्तम नमुना. लंडन अंडरग्राउंडच्या 150 व्या वर्षानिमित्त 270 स्थानकांत प्रत्येकी एक वेगळा चक्रव्यूह, पोलादी पत्र्यावर भाजलेल्या एनॅमलचा. हे एनॅमल म्हणजे पत्र्यावर भट्टीत वितळवलेली काच. तिथल्या पाट्याही वर्षानुवर्षं याच तंत्राने बनत आल्या आहेत, त्यामुळे सफाई कामगाराला वेगळं काही शिकवावं लागत नाही. वाटेच्या तोंडाशी लाल फुली आहे. तिथून बोटाने रेघ गिरवत जाता येतं आणि बोटाचे डाग ओल्या फडक्याने निघतात.

खरा शत्रू म्हणजे ब्रेक आणि चाकांतून उडणारी लोखंडाची काळी धूळ. ती खडबडीत पृष्ठभागात रुतून बसते. मोझॅकच्या सांध्यांत फिकट भरण घातलं तर सांधे आधी काळवंडतात आणि चित्राचे रंग मेल्यासारखे दिसतात. भरण मुळातच गडद घ्यावं. पाझरणारं पाणी हा दुसरा त्रास. काँक्रीटमधला चुना पाण्याबरोबर येऊन पांढरे ओघळ उठतात. त्यासाठी चित्र भिंतीला चिकटवू नये, मागे मोकळी फट ठेवून चौकटीवर टांगावं. चौकटीचे बोल्ट मारताना जलरोधक थर फुटला, तर चित्रामागे गळती सुरू झाल्याचं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. चालकाच्या नजरेच्या टप्प्यात लाल-हिरवे दिवे तर अजिबात नकोत, सिग्नलचा घोटाळा होतो. कलाकाराला हे सगळं रेखाटन मंजूर झाल्यावर सांगितलं की भांडण ठरलेलं. स्थानकाचा आराखडा कागदावर असतानाच त्याला बोलवावं. न्यूयॉर्कच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यू मार्गावरची स्थानकं 1 जानेवारी 2017 रोजी उघडली ती भिंतीवरच्या कलेसकटच. 72 व्या रस्त्याच्या स्थानकात विक मुनीझ यांची मोझॅकमधली उभी माणसं खरोखर गाडीची वाट बघत असल्यासारखी वाटतात.

संगीताचं थोडक्यात. न्यूयॉर्क मेट्रोच्या 'म्युझिक अंडर न्यूयॉर्क' या उपक्रमात कलाकार चाचणी देऊन निवडले जातात आणि त्यांना ठरावीक जागा व वेळा मिळतात. कंपनी मानधन देत नाही, श्रोते देतील ते त्यांचं. या एका मुद्द्यावर आम्ही गुण कापतो. बाकी शिस्त चोख आहे. न्यूयॉर्कच्या नियमांत आवाजाची मर्यादा पाच फुटांवर 85 डेसिबल आहे आणि फलाटावर ध्वनिवर्धक चालत नाही. कारण उघड आहे, घोषणा ऐकू यायला हवी. जागा निवडताना जिन्याचं तोंड आणि तिकीट गेट टाळावं. चांगला वादक तिथे बसवला तर दहा माणसं थांबतात आणि मागची शंभर अडतात.

करारात सर्वात दुर्लक्षित कलम म्हणजे काम हलवण्याचं. लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोड स्थानकातली एदुआर्दो पाओलोत्सी यांची 1980 च्या दशकातली मोझॅकं स्थानक वाढवताना आड आली. बहुतेक भाग राखला गेला, पण सरकत्या जिन्यांवरच्या कमानी 2015 मध्ये काढाव्या लागल्या आणि त्यांचे तुकडे एडिनबरा विद्यापीठाकडे गेले. नव्या करारात हे आधीच लिहावं: हलवण्याचा खर्च कोणाचा, कलाकाराला किती दिवस आधी कळवायचं, तुकडे कोणाकडे जायचे. जादा टाइल्सही त्याच खेपेत भाजून घ्याव्यात, नंतर तीच छटा मिळत नाही. आणि या टाइल्सच्या खोक्यावर कलाकृतीचं नाव, स्थानक आणि 'टाकू नये' असं ठळक लिहावं. गोदामातली नावं नसलेली खोकी पुढच्या साफसफाईत राडारोड्याबरोबर जातात.